काकासाहेबांच्या कपाटातली आमची जमीन

“शर्ट काढ.”

काकासाहेब एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. मंडपाच्या मागे ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती. तिच्या आडोशाला माझे बाबा उभे होते. अंगात पांढरा, इस्त्रीचा, कडक कॉलरचा शर्ट. दहा मिनिटांपूर्वी याच शर्टात ते मंचावर गेले होते. माइकवरच्या माणसाने पुकारलं होतं, “लाभार्थी दगडूभाई.” बाबांना कुणी भाई म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कुणीतरी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. ऑइल इंजिनाजवळ उभं केलं. हात इंजिनावर ठेवायला सांगितलं. फोटो निघाला. टाळ्या झाल्या.

मग मंडपामागे, “शर्ट काढ.”

बाबांनी बटणं सावकाश काढली. तुटू नयेत म्हणून. शर्टाची घडी घातली आणि पुढे धरली. काकासाहेबांनी ती दोन बोटांत पकडली आणि ड्रायव्हरकडे दिली. म्हणाले, “घरी नेऊ नकोस. परस्पर धोब्याकडे टाक.”

बाबांच्या अंगात बनियन नव्हतं. त्यांचा स्वतःचा शर्ट जीपमध्ये राहिला होता, आणि जीप इंजिन चढवायला मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. तालुक्याच्या खेडूत, म्हणजे शेतकरी मेळाव्यात, भर दुपारी, माझे बाबा उघड्या अंगाने उभे राहिले. गळ्यात हार तसाच. ड्रायव्हर जाता जाता हसला. “शुं दगडू, कुस्ती लडवानी छे?” बाबाही हसले. ते हसले, हे मला अजून सहन होत नाही.

मी तेव्हा नववीत होते. हातात वही होती. त्या इंजिनाचा अर्ज माझ्या अक्षरात होता. अक्षर चांगलं म्हणून काकासाहेब मला मुद्दाम मेळाव्याला घेऊन आले होते.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. लिहायला बसते आणि दर वेळी त्या बटणांपाशी थांबते. आज थांबायचं नाही असं ठरवलं आहे.

आमची जमीन दोन विघे, जेमतेम एकरभर. बडोद्याहून पादऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाव आहे, त्या गावाच्या कडेला. संस्थानाच्या काळात माझे पणजोबा राजवाड्याच्या पागेत घोड्यांसाठी गवत कापायचे. त्या चाकरीबद्दल ही जमीन मिळाली. आम्ही महार. घरात मराठी, बाहेर गुजराती. काकासाहेबांचे आजोबा संस्थानाच्या महसूल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. जमिनीचा कागद त्यांच्या हाताखाली तयार झाला. तो पणजोबांना वाचता येत नव्हता, आमचं घर गळकं होतं, म्हणून पणजोबांनी तो काकासाहेबांच्या आजोबांकडेच ठेवायला दिला. “सांभाळायला.” तेव्हापासून तो तिकडेच.

आमच्या दोन विघ्यांच्या तिन्ही बाजूंना काकासाहेबांची शेती. किती ते मला मोजता आलं नाही. पाऊल टाकावं तिथे त्यांचंच. बाबा त्यांच्याकडे सालदार. दिवसभर त्यांची केळी, त्यांचा कापूस. उरलेल्या वेळात आपले दोन विघे. आमच्याकडे पाणी नव्हतं, पाऊस झाला तर बाजरी व्हायची.

दर अखात्रीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवं साल सुरू व्हायचं. त्या दिवशी बाबा सकाळीच अंघोळ करायचे, धुतलेलं धोतर नेसायचे आणि काकासाहेबांच्या घरी शहरात जायचे. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत त्यांचं जुनं घर होतं तेव्हा तिथे. मग त्यांनी गोत्रीला बंगला बांधला, तेव्हा तिथे. मी तीनदा बरोबर गेले आहे. बाबा ओट्याखाली उभे राहायचे. आत लोखंडी कपाट होतं. काकी कमरेच्या चाव्या काढून ते उघडायच्या. काकासाहेब आतून एक पिवळ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं बाहेर काढायचे आणि दारातून वर धरायचे.

“बघ दगड्या. आहे ना?”

“आहे साहेब.”

बाबा हात जोडायचे. देवाला जोडतात तसे. गाठोडं आत जायचं. कपाट बंद. मग काकी वरून बाबांच्या ओंजळीत गुळाचा खडा टाकायच्या. वरून. तेवढं अंतर त्यांना बरोबर माहीत होतं.

एकदा काकींना धाप लागली, तेव्हा मी ओट्याखालून म्हणाले, “बेसो ना, मी पाणी आणते.” त्या हसून म्हणाल्या, “बेसो नाही ग, बसा म्हणावं. मराठी विसरायची नाही. इथे गुजरातेत आपण मराठी माणसं उरलोच किती.” आपण. मला तो शब्द फार आवडला होता. घरी येताना मी बसमध्ये तो मनात म्हणत होते. आमचं पाणी त्या घेत नव्हत्या, हे मला घरी आल्यावर आठवलं.

गोत्रीच्या बंगल्यात सामान हलवलं तेव्हा ते कपाट बाबांनी आणि आणखी तिघांनी उचलून वरच्या मजल्यावर नेलं होतं. जिना अरुंद होता. बाबांचा खांदा सोलवटला. आई मीठ-हळद लावत होती तेव्हा बाबा म्हणाले, “आपलीच जमीन होती त्यात. हलकी कशी असेल.” ते खरंच अभिमानाने म्हणाले.

मी सातवीत असताना काकासाहेबांनी मला बोलावलं. बाबांना नाही, मला. टेबलावर छापील अर्ज होता. सरकारची शेतकऱ्यांसाठी योजना आली होती, अवजारांवर सूट. काकासाहेब म्हणाले, “तुझं अक्षर वळणदार आहे असं तुझा बाप सांगतो. भर हा अर्ज.” ते सांगत गेले, मी गुजरातीत लिहीत गेले. नाव. गाव. सर्व्हे नंबर. क्षेत्र दोन विघे. लहान शेतकरी. मग जातीची ओळ आली. मी थांबले. ते म्हणाले, “तिथे ठळक लिही.”

मी ठळक लिहिलं. त्या घरात आमची जात पहिल्यांदा कुणालातरी हवी होती.

खाली सहीची जागा होती. काकासाहेब म्हणाले, “अंगठा नको. अंगठा दिसला की साहेब लोक संशय घेतात. तू शिकलेली आहेस. बापाला सही शिकव.”

मी शिकवली. महिनाभर. पाटीवर द आला, ग आला, डू काही येईना. त्याची शेपटी बाबा उलटीकडे वळवायचे. मी रागवायचे, “बाबा, इकडे.” ते म्हणायचे, “बाई, बैलाला वळवणं सोपं.” एके दिवशी आला. मग ते कुठेही सही करायचे. चुलीपुढच्या राखेत, बांधावरच्या धुळीत, ओल्या बोटाने दारावर. आई म्हणायची, “आता ताटात पण सही करा, म्हणजे भाकर कुणाची ते कळेल.” आम्ही तिघंही हसायचो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला महिना होता. मी माझ्या बापाला निरक्षरतेतून वर काढते आहे असं मला वाटत होतं.

अर्ज मंजूर झाला, फवारणीपंप आला. तो काकासाहेबांच्या गोदामात गेला. बाबांनी त्या पंपाला हात लावला तो काकासाहेबांचा कापूस फवारताना. मग दोन वर्षांनी इंजिन, म्हणजे तो शर्टाचा मेळावा. मग पीव्हीसी पाईप. ते पाईप आमच्या बांधावरून गेले. एका बाजूला काकासाहेबांची विहीर, दुसऱ्या बाजूला त्यांची केळी, मधे आमचे दोन विघे. आमच्या नावाचं पाणी आमच्या जमिनीतून आवाज करत पलीकडे जायचं. आई त्या पाईपवर कान ठेवायची. म्हणायची, “थंड लागतं.”

मी विचारलं नाही का? विचारलं. मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांना विचारलं, “इंजिन आपल्या नावावर आहे ना?” ते म्हणाले, “नावावर आहे.” “मग?” “कागद त्यांच्याकडे आहे ना बाई. कागद देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?” बाबांच्या मनात जमीन शेतात नव्हती. ती कपाटात होती. कपाटवाल्याने मनात आणलं तर ती नसल्यासारखी होईल. म्हणून सही. म्हणून शर्ट. म्हणून हसणं.

आणि मी पुढच्या अर्जाला बसले. पाईपचा अर्जही माझ्याच अक्षरात आहे. मेळाव्यात बाबांना तसं बघितल्यानंतरसुद्धा. हे मी लपवणार नाही.

मी शिकले. सयाजीगंजात वसतिगृहात राहून बी.ए. केलं. मग एका ग्रंथालयात नोकरी लागली. मी नकलांच्या खिडकीवर बसते. लोक पुस्तकं आणतात, पानं सांगतात, मी यंत्रावर नक्कल काढून देते. दिवसभर. पुस्तकं वाचायला मिळतात, बोलावं कमी लागतं. मला ते बरं वाटतं. माझ्या टेबलावर किती लोकांनी किती कागदांच्या नकला नेल्या असतील. हे पुढे महत्त्वाचं आहे, म्हणून लिहून ठेवते.

बाबा आजारी पडले. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं. बाबांनी किती वर्षं तोंडाला फडकंसुद्धा न बांधता औषध फवारलं ते मला माहीत आहे. पण त्यामुळेच, असं मी लिहीत नाही. मला ते सिद्ध करता येणार नाही. जे सिद्ध करता येतं तेवढंच लिहायचं ठरवलं आहे.

वॉर्डात एक दिवस काकासाहेबांचा मुलगा आला. शिरीषदादा. काकासाहेब थकले होते, शेती आता तो बघायचा. रविवारी मोटारीने शेतावर जायचा आणि केळी बघून परत यायचा. त्याने मोसंबी आणली होती. आणि एक अर्ज. ठिबक सिंचनाचा संच. लहान शेतकऱ्याला जास्त सूट, आमच्या जातीच्या शेतकऱ्याला आणखी जास्त.

“काका, एवढी एक सही.”

काका. त्या घरातून बाबांना नात्याने मारलेली ती पहिली हाक. बाबा उठून बसले. नाकातली नळी बाजूला केली. मी पॅड धरलं. द. ग. डू. शेपटी बरोबर इकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चुकलं नाही ना असं. मी म्हणाले, “छान आली.”

ती त्यांची शेवटची सही. आठव्या दिवशी ते गेले.

तेरावा झाला आणि शिरीषदादाचा निरोप आला. संच मंजूर झाला आहे, तपासणीला साहेब येणार आहेत, आईला आणि तुला शेतावर हजर राहायचं आहे, वारस म्हणून सही लागेल. मी रजा काढून गावी गेले.

सकाळी शेतावर पोचलो तेव्हा काकासाहेबांची माणसं आमच्या दोन विघ्यांत काळ्या नळ्या अंथरत होती. सरळ, एकमेकांना समांतर, जशा वहीवरच्या रेघा. जमीन नांगरलेली नव्हती. गेल्या सालची बाजरीची धसकटं तशीच होती, नळ्या त्यांच्यावरून टाकल्या होत्या. नळ्यांना पाणी कुठून येणार ते कुठेच दिसत नव्हतं. एक तोटी बांधावर नुसती पडली होती.

शिरीषदादाने आईला नवी साडी दिली. पांढऱ्यावर बारीक फुलांची. “मावशी, फोटो काढायचा आहे. ही नेसून या.”

आईने साडी हातात घेतली. उलगडली नाही. विचारलं, “परत द्यायची असते का?”

तो गोंधळला. त्याला शर्टाची गोष्ट माहीत नसावी. त्या घरात ती गोष्ट म्हणून राहिलीच नसेल.

तपासणीचा माणूस मोटारसायकलवरून आला. बरोबर आमचा ग्रामसेवक. माणूस तरुण होता, घामाघूम होता, त्याला लवकर आटपायचं होतं. वही उघडून त्याने विचारलं, “संच बसवलाय?”

शिरीषदादा म्हणाला, “समोर दिसतोय की.”

“पाणी कुठून येतं?”

ग्रामसेवक म्हणाला, “ए तो थई जशे, साहेब.” होऊन जाईल. तपासणीवाला लिहायला लागला.

मी म्हणाले, “पाणी येत नाही.”

माझा आवाज लहान आहे. ग्रंथालयात तसाच लागतो. त्याने मान वर केली. मी पुन्हा म्हणाले, गुजरातीत, त्याला नीट कळावं म्हणून. “पाणी येत नाही. नळ्या आज सकाळी टाकल्या. संध्याकाळी उचलतील आणि पलीकडे केळीत नेतील. असंच लिहा.”

शिरीषदादा माझ्याजवळ आला आणि मराठीत बोलला. त्या दोघांना कळू नये म्हणून. “काय चाललंय तुझं? आपापल्यातली गोष्ट आहे ही. गुजराती माणसासमोर आपली शोभा करतेस?”

मी म्हणाले, “आपली कुठली, शिरीषदादा? तुमची.”

“बाबांनी काही शिकवलं नाही का तुला? चाळीस वर्षं आमच्याकडे काढली त्या माणसाने. एक शब्द उलट नाही.”

“म्हणून तर.”

तपासणीवाल्याने वही मिटली. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला बाजूला बोलावलं आणि हळू आवाजात समजावलं. “बहेन, मी लिहितो. मला काय. पण अर्जावर सही तुमच्या वडिलांची आहे. यापूर्वीचा पंप, इंजिन, पाईप, सगळ्यावर त्यांचीच सही. खोटं कुणी केलं असं दप्तर विचारेल, तर दप्तराला तेच नाव दिसेल. गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करता? आज सही करा, जाऊ द्या.”

मी दोन पावलं मागे सरले. हे मला सुचलंच नव्हतं. मी रागात बोलून बसले होते. एका बाजूला काकासाहेबांची केळी आणि दुसऱ्या बाजूला माझे बाबा, असं मला वाटत होतं. दप्तरात मात्र काकासाहेब कुठेच नव्हते. एकही सही नाही, एकही अक्षर नाही. होते ते बाबा. आणि अर्जाच्या अक्षरात, मी. म्हणून अंगठा नको होता. म्हणून माझं वळणदार अक्षर हवं होतं. सातवीतल्या मुलीला जे कळलं नाही ते मला त्या बांधावर, त्या काळ्या नळ्यांमध्ये उभं राहून कळलं. इतक्या वर्षांनी. मला स्वतःचीच शिसारी आली.

शिरीषदादाला वाटलं मी नमले. तो म्हणाला, “बघ, साहेब पण तेच सांगतायत. काकांच्या आत्म्याला शांती लाभू दे.”

आई इतका वेळ बांधावर बसली होती. साडी मांडीवर. ती उठली, साडी शिरीषदादाच्या मोटारीच्या टपावर ठेवली आणि मला म्हणाली, “लिही. त्यांच्या नावाचं काय राखायचंय आता? अंगावरचा शर्ट उतरवून घेतला तेव्हा कुणी राखलं?”

मी वही मागितली. जबाब मी माझ्या हाताने लिहिला. संच जागेवर बसवलेला नाही. पूर्वीची तिन्ही अवजारं या जमिनीत कधीही वापरली गेली नाहीत, ती शेजारच्या खातेदाराच्या ताब्यात आहेत. सह्या माझ्या वडिलांच्या आहेत. सही त्यांना मी शिकवली. पहिल्या तिन्ही अर्जांवरचं अक्षर माझं आहे. हे सगळं मी बघत आले आणि बोलले नाही.

शेवटचं वाक्य जबाबात नको, असं तपासणीवाला म्हणाला. मी राहू दिलं.

यानंतर काही घडलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. काही घडलं नाही. नळ्या संध्याकाळी उचलल्या. जबाब तालुका पंचायतीच्या खेतीवाडी शाखेत गेला आणि तिथे राहिला. मी विचारायला गेले. पहिल्या टेबलाने दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. दुसरं टेबल जेवायला गेलं होतं. तिसऱ्याने विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे?” मी म्हणाले, “आम्हाला आमच्या जमिनीसाठी पाण्याची सोय हवी. आम्हीच अर्ज करतो.” त्याने नोंदवही बघितली. मग माझ्याकडे. “तुम्हाला तर सगळं मिळालंय, बहेन. पंप, इंजिन, पाईप. अजून किती?”

दप्तरात आमचे दोन विघे त्या गावातले सगळ्यात सुखी दोन विघे आहेत. प्रत्यक्षात तिथे एक बोरीचं झाड आणि आईची घागर आहे.

“मी जबाब दिलाय,” मी म्हणाले.

“तो चौकशीत आहे. चौकशी होईपर्यंत तुम्ही लाभार्थी. आणि वारसाची नोंद झालीय का? जमिनीचा कागद आणा.”

कागद. मी गोत्रीला गेले. अखात्रीज नव्हती, तरी ओट्याखाली उभी राहिले, पाय आपोआप तिथेच थांबले. मग मुद्दाम वर चढले. शिरीषदादा दारात आला. आत कपाट दिसत होतं, उघडं होतं. त्यात एक पिवळं गाठोडं असेल असं मला लहानपणापासून वाटत होतं. खणात एकावर एक आठ होती. आठही पिवळी. आम्ही एकटे नव्हतो.

“आमचा कागद द्या.”

“कागद इथे सुरक्षित आहे,” तो म्हणाला. “डोकं शांत झालं की ये. आईला घेऊन ये.” आणि दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

मी तलाठ्याकडे गेले. तक्रार करायला. नवीन तलाठी, कोवळा मुलगा, टेबलावर चहा. मी त्याला सगळं सांगितलं. पणजोबा, पिवळं फडकं, कपाट, दर अखात्रीजचं दाखवणं. तो ऐकत राहिला. मग त्याने अगदी मनापासून विचारलं, “पण बहेन, तो कागद तुम्हाला कशाला हवा?”

“म्हणजे?”

“सातबाराची नक्कल काढा ना. तालुक्याला आता संगणक आहे. सर्व्हे नंबर सांगितला की छापून देतात. पूर्वीसुद्धा तलाठी हाताने लिहून द्यायचे. जमीन नोंदीत असते. कपाटात नसते.”

“कुणालाही मिळते?”

“कुणालाही. कुणाचीही.”

मी बाकावर बसले. तो घाबरला, त्याने पाणी दिलं. माझ्या पणजोबांपासून तीन पिढ्या ज्या कागदापुढे हात जोडून उभ्या राहिल्या त्याची नक्कल चहा निवण्याच्या आत मिळत होती. आणि मी. नकलांच्या खिडकीवर बसणारी मी. रोज शंभर माणसांना सांगते, मूळ प्रत तिथेच राहू द्या, तुम्हाला नक्कल पुरते. मला माझ्या बापाच्या बाबतीत हे एकदाही सुचलं नाही. बाबा शिकले नव्हते, त्यांना मी दोष देत नाही. मी शिकले होते. भीती शिकलेल्यालाही वारशाने मिळते आणि तिची नोंद आपोआप होते.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन नक्कल काढली. एक पान. बाबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दगड्या नाही. ते पान मी आईच्या हातात दिलं. तिने उलटसुलट करून बघितलं. “एवढंच?” ती म्हणाली.

मग मी बाकीच्या सात जणांची नावं शोधली. अवघड नव्हतं, गावात सगळ्यांना माहीत होतं. सातही काकासाहेबांचे सालदार, कुणी वणकर, म्हणजे तिथले अस्पृश्य विणकर, कुणी आमच्यातले. सातही जणांची नक्कल काढली आणि घरोघर घेऊन गेले. प्रत्येकाला तेच सांगितलं. ही ठेवा. आता कपाटाची गरज नाही. अखात्रीजला जाऊ नका. न वाचता सही करू नका, वाचून मी दाखवीन.

दोघांनी घेतली. तिघांनी हातसुद्धा लावला नाही. एकाच्या बायकोने मला उंबऱ्यावरूनच विचारलं, “तू आपल्या मेलेल्या बापाला चोर ठरवलंस, तीच ना?” मी हो म्हणाले.

सातवे रामजीकाका. बाबांबरोबर कपाट उचलून नेणाऱ्यांपैकी एक. त्यांनी नक्कल घेतली, कपाळाला लावली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. “दिकरी, तुझा बाप पुण्यवान.” मला वाटलं, एक तरी माणूस.

पंधरा दिवसांनी ते बांधावर भेटले. विचारलं, “काका, पान कुठे ठेवलंत?”

ते म्हणाले, “शिरीषभाईंना दिलं. आमच्या घरात उंदीर फार. त्यांच्या कपाटात ठेवलंय, मूळ कागदाशेजारी.”

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आता त्यांचे दोन कागद सुरक्षित होते.

मी रडले नाही. ओरडलेही नाही. बाबांच्या दोन विघ्यांच्या बांधावर मी जरा वेळ उभी राहिले. पाईपमधून पाणी जात होतं, त्याचा आवाज येत होता. मला राग कुणाचा यावा हे ठरेना. मग ठरलं. त्या कपाटाचा.

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण बाबांशी मी याच भाषेत बोलले, आणि ‘आपापल्यातलं’ म्हणून जे झाकलं गेलं ते याच भाषेत उघडं व्हायला हवं. गावात म्हणतात, मी बापाचं नाव खराब केलं. केलं. ते स्वच्छ होतं तेव्हा कुणाची केळी भिजत होती ते मला माहीत आहे. जबाब अजून चौकशीत आहे. मी दर सोमवारी खिडकीवर रजा टाकून खेतीवाडी शाखेत जाते. तिसरं टेबल आता मला बघून मान खाली घालतं. घालू दे. मी उभी राहते.

बांधावरून मी सरळ तलाठ्याकडे गेले होते. म्हणाले, “तालुक्याला जाते आहे. रामजीकाकांचा सर्व्हे नंबर पुन्हा सांगा. मला त्यांची आणखी एक नक्कल हवी.”

तो म्हणाला, “तीपण त्यांनी तिकडेच नेऊन ठेवली तर?”

मी म्हणाले, “तिसरी काढीन.”